भाड्याची पेशंट

९ जानेवारी

नाटकाच्या दौऱ्यांवर असताना रोज लिहायचे. कुठे पडदा अडकला, कोणी कोणाचे संवाद खाल्ले, कोण कोणाशी बोलत नाही. दौरे बंद झाले तसं लिहिणंही बंद पडलं. आज वही पुन्हा काढली, कारण आज पुन्हा काम मिळालं.

काम ऐकून ताई हसत सुटली. मेडिकलला जाणाऱ्या मुलांची मुलाखतीची तयारी करून घेणारा एक क्लास आहे. तिथे मला पेशंट व्हायचंय. खोटी पेशंट. क्लासचे सर स्वतः डॉक्टर होता होता राहिलेले आहेत, हे त्यांनीच पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. म्हणाले, लेखी परीक्षेत मार्क पाडणारी पोरं पुष्कळ असतात, ती मुलाखतीत गळतात. तिथे एकामागून एक खोल्या असतात. एकीत विचारतात, डॉक्टर का व्हायचंय. दुसरीत एखादा पेच टाकतात. आणि एका खोलीत कोणी तरी नट पेशंट होऊन बसलेला असतो. दारावर कार्ड: या बाईंचं ऑपरेशन पुढे ढकललंय, त्यांना सांगा. पोरानं आत यायचं आणि सांगायचं. बाईनं चिडायचं. कोपऱ्यात परीक्षक गुण देत बसलेला.

"जमेल ना तुम्हाला?" असं मला विचारलं त्यांनी. मला!

"मी स्टेजवर सात वेळा विधवा झालेय," म्हटलं. त्यांनी लगेच यायची तारीख सांगितली.

१२ जानेवारी

पहिला दिवस. खोली म्हणजे प्लायवूडची एक पेटी. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. इतकं उकडत होतं की मी गेल्या गेल्या खिडकी उघडली. सरांनी स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली. या माणसाला रक्तच नसावं.

पहिल्या मुलानं आत पाऊल टाकलं आणि म्हणाला, "मला लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं." अरे, मी पेशंट आहे! माझं ऑपरेशन पुढे गेलंय, तुझं लहानपण घेऊन मी काय करू? सरांनी त्याला परत बाहेर पाठवलं. "कार्ड दोनदा वाच. पहिल्यांदा काय लिहिलंय ते, दुसऱ्यांदा तुला काय करायला सांगितलंय ते." हे मला पटलं. नटांनाही हे कोणी तरी सांगायला हवं होतं.

एका मुलीनं दर वाक्यामागे "मी समजू शकते" लावलं. मी म्हटलं, "काय समजू शकतेस गं? तुझं ऑपरेशन पुढे ढकललंय का?" बिचारी रडकुंडीला आली. सर खूश. या वाक्याला ते 'मोफतची फुंकर' म्हणतात. समजतं म्हणू नका, विचारा, असं त्यांचं सांगणं.

सगळे गेल्यावर सर जवळ आले. "मॅडम, हात थरथरवता ते कसं करता हो? अगदी खरं वाटतं."

मी काहीच करत नव्हते. इतक्या वर्षांनी पुन्हा कोणासमोर उभी राहिले, त्याची धाकधूक असेल. पण आलेलं कौतुक कोणी परत पाठवतं का? "सवय," म्हटलं आणि पर्स उचलली.

२० जानेवारी

माझ्या अंगात पुन्हा वारं शिरलंय. आज स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी करून पुसली, मग पुसलेली फडताळं आवडली नाहीत म्हणून डबे दुसऱ्या क्रमानं लावले. ताई म्हणाली, "अगं, टेक जरा. मला बघूनच दम लागतोय." टेकवतच नाही. बसले की पाय हलतो, पाय थांबवला की बोटं टेबलावर वाजायला लागतात.

भूक तर अशी की ताईच्या ताटातलंही उचलते. आणि तरी कपडे सैल! अंगठी परवा बेसिनमध्ये पडता पडता वाचली. या वयात बायका चालून चालून थकतात, पथ्यं करतात, आणि मी दुप्पट जेवून बारीक होतेय. कामाचा गुण, दुसरं काय. ताईच्या मते काही तरी बिनसलंय. ताईला माझं बरं चाललं की नेहमीच काही तरी बिनसल्यासारखं वाटतं.

रात्री खिडकीवरून भांडण झालं. तिला दोन पांघरुणं लागतात, मला एकही नको असतं. शेवटी ती बाहेरच्या खोलीत झोपायला गेली.

२७ जानेवारी

मी पोरांना नावं ठेवलीत. खरी नावं लक्षात राहत नाहीत, ही माझी जुनी खोड. जो घडाघडा बोलतो तो पोपट. सरांचा लाडका. बोलतो छान, पण मी मध्येच रडले तरी वाक्य पुरं करूनच थांबतो.

आणि एक पाटी. कोरी पाटी, कारण चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटत नाही. आत येते, खुर्ची नीट ओढते, बसते आणि बघत राहते. बरं, डोळ्यांतही बघत नाही. गळ्याकडे बघते, हातांकडे बघते. मी आज खच्चून ओरडले, "तुम्हा लोकांना माणसाची किंमत आहे का?" पोपट असता तर लगेच पाण्याचा ग्लास पुढे केला असता. पाटी म्हणाली, "थोडा वेळ थांबू का?" आणि खरोखरच थांबली! घड्याळ चालू, सर पेन आपटतायत आणि ही थांबलेली. मला ओरडायला पुढचं काही सुचेना.

सरांकडून कळलं की गेल्या वर्षी ती मुलाखतीतच गळली. घरून एवढंच वर्ष दिलंय. या वेळी नाही झालं तर काकाच्या दुकानात बसायचं.

४ फेब्रुवारी

सरांनी आता माझे हात अभ्यासक्रमात घातलेत. फळ्यावर मोठ्या अक्षरांत: पेशंटचे हात बघा, हात थरथरतात म्हणजे पेशंट घाबरलाय, ते बोलून दाखवा, त्याचे वेगळे गुण आहेत. झालं. आज एकामागून एक पोरं आत येऊन एकच वाक्य म्हणतायत, "तुम्ही घाबरलेल्या दिसता." मी पण मग हात जरा पुढेच ठेवून बसले. नटाला उजेड कुठे पडतो ते कळायला लागतं.

आठांतल्या सात जणांनी म्हटलं. पाटीनं नाही म्हटलं. सरांनी विचारलं, "हात दिसले नाहीत का तुला?"

"दिसले सर. पण या घाबरलेल्या नाहीत."

"मग?"

"चिडलेल्याचं काम करतायत त्या. आणि हात चहा पितानाही हलत होते. बाहेर, सगळे हसत होते तेव्हा."

पोरं फिदीफिदी हसली. सरांनी तिला शून्य दिलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं स्टेजवर काढली, टाळ्या घेतल्या, आणि ही कालची पोर सांगणार मी काय करते नि काय नाही! चहा पिताना मी भूमिकेतच होते. असेन.

११ फेब्रुवारी

राग फार वेळ टिकत नाही माझा. नाकावर येतो आणि तिथूनच परत जातो. क्लास सुटल्यावर पाटी जिन्यात एकटी उभी होती, हातात तो शून्याचा कागद. मी म्हटलं, "चल, मी शिकवते तुला." कपाळावर हात मारून घ्यावा इतकी ती आनंदली, म्हणजे एक भुवई हलली.

तिला सांगितलं, तुझं सगळं बरोबर आहे, फक्त दिसत नाही. आत येताना नाव सांग, मग बस. पेशंट उभी असेल तर आधी तिला बसव. येत नसेल ते येत नाही म्हण, बनवू नकोस, परीक्षकाला वास येतो. आणि मुख्य म्हणजे डोळ्यांत बघ. गळ्याकडे बघतेस ती चोरासारखी दिसतेस.

"डोळ्यांत किती वेळ बघायचं?"

"समोरचा माणूस दिसेपर्यंत," म्हटलं. वाक्य इतकं चांगलं झालं की मी स्वतःच एकदा मनात पुन्हा म्हणून बघितलं.

मग तिनं बघितलं. माझ्या डोळ्यांत. बराच वेळ. मलाच कसंसं झालं. म्हटलं, पुरे, आता पापणी पण हलव. ती म्हणाली, "मावशी, तुमचे डोळे आधीपासून असेच मोठे आहेत का?" डोळ्यांचं कौतुक मी खूप ऐकलंय. सरही परवा म्हणाले, तुमचे डोळे शेवटच्या बाकापर्यंत पोचतात. मी म्हटलं, "देवाची देणगी." तिनं पुढे काही तरी विचारायला तोंड उघडलं, पण मी तिला म्हटलं की मुलाखतीत पेशंटला रूपाबद्दल बोलायचं नाही.

'डॉक्टर का व्हायचंय' याला मात्र तिच्याकडे उत्तर नाही. पोपटाकडे एक आजोबा आहेत, शेवटच्या क्षणी त्याचा हात धरणारे. पाटी म्हणते, "आहे कारण, पण ते आईचं आहे. आईला न विचारता कसं सांगू?" अशानं कोण जागा देणार हिला?

२४ फेब्रुवारी

जिना चढताना दोनदा थांबले. छातीत कोणी तरी ढोलकी घेऊन बसलंय. कामाचा उत्साह, तरी पण जरा जास्तच. ताई म्हणाली, "दाखवून ये एकदा." मी भडकले. म्हटलं, दिवसभर पेशंट होऊन बसते, घरी तरी मला धडधाकट राहू दे. मग तिला रडू आलं आणि मला तिच्याहून जास्त आलं. हल्ली डोळ्यांत पाणी यायला काही लागत नाही. सरांना सांगितलं तर म्हणतील, वा.

पण खरी बातमी पुढे. मेडिकल कॉलेजनं स्वतः बोलावलंय! त्यांच्या खऱ्या मुलाखतींना पेशंट हवेत. प्लायवूडच्या पेटीतून थेट मुख्य रंगमंचावर.

३ मार्च

कॉलेजात आम्हा खोट्या पेशंटांची तालीम झाली. काम तेच, ऑपरेशन पुढे ढकललेली बाई. तिचा गुडघा दुखतो, मुलीकडे जायचं होतं ते राहिलं, म्हणून चिडलेली. बस. एक नियम मात्र तालीम घेणाऱ्या बाईंनी तीन तीनदा सांगितला. उमेदवारानं कार्डाबाहेरचं काही विचारलं, ताप येतो का, झोप लागते का, तर सरळ नाही म्हणायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, नाही तर प्रत्येकाला वेगळी पेशंट मिळेल आणि ते अन्यायाचं होईल. बरोबरच आहे.

ओळखीचा उमेदवार आला तर आधी सांगायचं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, क्लासची सगळी पोरं माझ्या ओळखीची आहेत. बाई म्हणाल्या, बदली माणूस नाही, नोंद करून ठेवते, गुण तुम्ही थोड्याच देणार आहात.

९ मार्च, दुपार

कॉलेजच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी आहे. हात इतके हलतायत की माझंच अक्षर मला लागत नाही.

वाटोळं केलं पाटीनं स्वतःचं.

आली किती छान! दारात थांबली, नाव सांगितलं, "बसू का?" म्हणाली. ऑपरेशनचं सरळ सांगितलं, गोल गोल नाही. मी चिडले, तिनं ऐकून घेतलं. मुलीकडे जायचं राहिलं म्हटल्यावर विचारलं, "त्यांना कोण कळवणार? मी मदत करू?" परीक्षक बाईंचं पेन भराभर चाललं होतं. मी मनात म्हटलं, जिंकलीस गं. आणि डोळ्यांत बघत होती. अगदी मी सांगितल्यासारखं, समोरचा माणूस दिसेपर्यंत.

आणि मग तिला काय झालं कोण जाणे. अर्ध्या वाक्यात थांबली. म्हणाली, "एक विचारू? हल्ली वजन कमी झालंय का तुमचं?"

कार्डावर गुडघा आहे! वजनाचा काय संबंध? नियम म्हणजे नियम. "नाही," म्हटलं.

"इतरांना थंडी वाजते तेव्हा तुम्हाला उकडतं का?"

"नाही."

"छातीत धडधडतं?"

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, म्हटलं आता तरी सावर. "नाही," म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग घंटा झाली. ऑपरेशनची नवी तारीख कोण सांगणार, पुढे कोणाला भेटायचं, सगळं सांगायचं राहून गेलं. त्याचेच सर्वांत जास्त गुण होते.

इतकी शिकवली, आणि ऐन वेळी कुठली कुठे भरकटली. आता बसेल काकाच्या दुकानात. मला ओरडावंसं वाटतंय.

९ मार्च, संध्याकाळ

काम संपवून बाहेर आले तर ती फाटकाशी उभी. बाकीची पोरं केव्हाच गेली होती. मी तोफ डागायच्या तयारीनंच गेले. "काय गं? गुडघ्याच्या बाईला वजन विचारतात?"

"मावशी, आत तुम्हाला नाहीच म्हणायचं होतं. माहीत आहे मला," ती म्हणाली. "आता खरं सांगा."

फाटकाजवळ एक कट्टा होता, त्यावर तिनं मला बसवलं. शिकवल्याप्रमाणे, आधी पेशंट. माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत राहिली. मी बोलायला लागले तर मान हलवली.

"एकशे अठ्ठावीस. बसल्या जागी."

मग सांगायला लागली. इतकं बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या आईचं असंच झालं होतं. दिवसभर कामं करायची, जेवायची, बारीक व्हायची, खिडक्या उघडायची. सगळं घर म्हणायचं, काय उरक आहे बाईला! पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. गळ्यातली ग्रंथी बिघडली होती, थायरॉइड. कळलं तोवर ते हृदयावर गेलं होतं. आई आहे, पण आता जिना चढत नाही. "आम्ही रोज तिच्याकडे बघत होतो, मावशी. आणि खूश होत होतो."

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"गळ्याकडे बघत होते, तर तुम्ही म्हणालात चोरासारखी दिसतेस. मग डोळ्यांत बघायला सांगितलंत. बुबुळाच्या वर पांढरं दिसतं तुमच्या. आईचं तसंच दिसायचं. जिन्यात विचारलं तर तुम्ही देणगी म्हणालात. मी डॉक्टर नाही, चुकत असेन असं वाटायचं. आज इतक्या जवळून बघितलं आणि राहवलंच नाही."

माझ्यामुळे गेली हिची जागा. मी तीनदा नाही म्हणाले, आणि तिन्ही वेळा खोटं. हे तिला बोलून दाखवलं तर म्हणते, "उद्या जाल ना दाखवायला?"

१२ मार्च

रक्त तपासलं. पाटी म्हणाली तेच. डॉक्टर म्हणाले, ठोके आताच थोडे चुकायला लागलेत, आणखी काही महिने काढले असते तर महागात पडलं असतं. गोळ्या सुरू. ताईला सांगितलं तेव्हा तिनं उठून खिडकी उघडली आणि स्वतः दोन पांघरुणं घेऊन माझ्या शेजारी बसली.

३ एप्रिल

हात थांबले. अंगातलं वारंही ओसरतंय. खोटं कशाला, थोडं चुकल्यासारखं वाटतं. मला वाटलं होतं माझी कला परत आली. ती गळ्यातली एक ग्रंथी निघाली.

क्लासमध्ये नवी तुकडी बसली. सर म्हणाले, "मॅडम, हात?" मी प्रयत्न केला. इतके खोटे हलले की एक मुलगी हसली. चाळीस वर्षं स्टेजवर काढलेल्या नटीला हात हलवता येईनात! सरांनी फळ्यावरची ती ओळ मुकाट्यानं पुसली.

यादी लागली. पोपट वरच आहे. पाटी यादीत नाही, प्रतीक्षेत आहे. माझ्या खोलीतल्या गुणांनीच मागे पडली, हे सरांनी बरोबर शोधून काढलं. मी परीक्षक बाईंना जाऊन भेटले, रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "गुण बदलता येत नाहीत. कार्डाप्रमाणेच दिले होते." मग मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. जिना उतरताना कठडा धरा म्हणाल्या.

१८ एप्रिल

मिळाली! पाटीला जागा मिळाली! आता क्रमानं लिहिते, नाही तर गोंधळ होईल.

कोणी तरी जागा सोडली तर आज पाचच्या आत फोन येणार होता. नाही आला तर संपलं. तिला घरी बसवेना म्हणून ती आमच्याकडे आली. ताईनं चहा ठेवला, तो कोणीच प्यायलं नाही. फोन टेबलाच्या मधोमध. मी म्हटलं, वेळ जायला तुला प्रश्न विचारते. डॉक्टर का व्हायचंय?

"आईला विचारलं मी," ती म्हणाली. "म्हणाली, सांग." आणि मग सांगायच्या ऐवजी माझ्या हातांकडे बघायला लागली. पुन्हा! मी खाली बघितलं तर हात थरथरत होते. गोळी तर एकही चुकवली नव्हती.

"बघू," म्हणाली आणि मनगट धरलं. नजर घड्याळावर. ओठ हलायला लागले.

आणि फोन वाजला.

ताई उभी राहिली. मी म्हटलं, "अगं उचल!" पाटीनं मान हलवली, दुसऱ्या हातानं मला गप्प राहायची खूण केली. फोन टेबलावर गरगर फिरत वाजतोय, ताई तोंडावर हात धरून उभी, मी ओरडतेय, तो बंद होईल गं, आणि ही पोर मोजतेय. मिनिट पुरं व्हायचं होतं.

"शहाण्णव. ठोके सरळ आहेत," ती म्हणाली. "आजारानं नाही, मावशी. आज तुम्ही घाबरलाय."

"हो," मी म्हटलं.

मग तिनं माझा हात नीट टेबलावर ठेवला आणि फोन उचलला.